पंधरा महिन्यांचं वर्ष

५ ऑक्टोबर, सोमवार

मुंगे,

पत्ता मावशीकडून घेतला. देताना तिने तीनदा विचारलं, "भांडायला तर लिहीत नाहीस ना?" म्हटलं, नाही, कामाचं आहे. आणि खरंच कामाचं आहे, म्हणून आशीर्वाद वगैरे लिहिण्यात जागा घालवत नाही. बारा वर्षांनी आलेले आशीर्वाद तू पाकिटासकट बाजूला ठेवशील, एवढं मला कळतं.

दुर्बीण चालला. आठवत असेल तुला तो. आमच्या गुंतवणूक कंपनीत विश्लेषकाच्या ज्या खुर्चीसाठी तूही परीक्षा दिली होतीस, ती खुर्ची ज्याला मिळाली, तो. लांबचं बघतो म्हणून सगळे त्याला दुर्बीण म्हणतात, खरं नाव फक्त पगारपत्रकात. बारा वर्षांत त्याने 'पैसे काढा' म्हटलेल्या कंपन्यांपैकी अकरा बुडाल्या. मी मोजल्यात. आता त्याला एका मोठ्या कंपनीने उचललंय. शेवटचा दिवस तीस तारीख. सहा मोठ्या गिऱ्हाइकांनी मालकांना फोन करून एकच प्रश्न विचारला: आता त्या खुर्चीत कोण?

शुक्रवारी मालक स्वतः माझ्या टेबलापाशी आले. बोलावून घेतलं नाही, आले.

"मास्तर, सोमवारी दोन तारखेला ती खुर्ची रिकामी दिसता कामा नये. माणूस तुम्हीच निवडा. मागच्या वेळेस तुम्हीच निवडला होता."

कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाला अख्खं ऑफिस मास्तर म्हणतं, याचं मला अजून बरं वाटतं. लपवत नाही.

"आणि पेपरही तोच ठेवा," मालक म्हणाले. "तो अहवाल आपल्याला लाभलाय."

तो पेपर तुला सांगायला नको, तरी नोंद म्हणून लिहितो. बुडालेल्या एका कंपनीचा आदल्या वर्षीचा वार्षिक अहवाल. त्याची झेरॉक्स काढून नाव, गाव, तारखा काळ्या करायच्या. उमेदवाराने दोन पानं लिहायची: हिच्यात पैसे घालावेत की नाही, आणि का. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त क्रमांक. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून आमच्या टंकलेखिका बाई सगळ्या उत्तरपत्रिका टाइप करून देणार, मग मी तपासणार. हे सगळे नियम माझे.

तू क्रमांक नऊ होतीस. लिहिलं होतंस की हे वर्ष बारा महिन्यांचं नाही, पंधरा महिन्यांचं आहे. गोदामाचं भाडं चार लाखांचं पाच लाख झालंय, म्हणजे बरोबर सव्वापट, आणि विक्रीही सव्वापट. तेव्हा धंदा वाढलेला नाही, नुसतं वर्ष लांबलंय. मी समासात लाल शाईने लिहिलं होतं, "वर्षाचे महिने किती?" तेवढंच. कडक होतं, अपमान नव्हता.

तर, परवा कपाटातून मूळ अहवाल काढला. मुखपृष्ठावर छापलंय: पंधरा महिन्यांचा अहवाल. तुझं बरोबर होतं. मला परवा कळलं, आणि कळल्याबरोबर कळवतो आहे.

त्या उत्तरपत्रिकेची प्रत तुझ्याकडे असेल तर पाठव. गुण दुरुस्त करून परत करीन. नोंदी अचूक असाव्यात.

तुझा थोरला भाऊ


११ ऑक्टोबर, रविवार

मुंगे,

उत्तर आलं नाही. टपालाला जाऊन-येऊन चार दिवस लागतात हे धरलं, तरी आलं नाही. हरकत नाही, मी लिहितो.

माझ्यासारख्या माणसाकडून ती चूक झालीच कशी, असं तुला वाटलं असेल. (वाटलं असेल ना? की 'त्याच्याकडून होणारच' असं वाटलं?) सांगतो. अहवाल काळा करायला मी दोन दुपारी लावल्या. लाकडी पट्टी, जाड मार्कर, आणि जिथे तारीख, महिना, वर्ष दिसेल ती अख्खी ओळ काळी. कुठेही धागा सुटू नये. त्या वेळी मी वाचत नव्हतो, शोधत होतो. 'पंधरा महिन्यांसाठी' हे शब्द सहा ठिकाणी होते. सहाच्या सहा ठिकाणी मी स्वतःच्या हाताने पट्टी लावून ते झाकले.

आणि मग नमुना उत्तर लिहायला मूळ अहवाल घेतला नाही. काळी केलेली प्रतच घेतली. उमेदवाराला दिसेल तेवढंच परीक्षकाला दिसावं, त्यातच न्याय आहे, असं माझं मत. म्हणजे बघ, मी इतका काटेकोर नसतो तर चुकलो नसतो. नमुना उत्तरात लिहिलं: विक्री सव्वापट वाढली, धंदा जोमात, पण उधारी फार साचलीय, तिने बुडेल. दुर्बिणीने अगदी हेच लिहिलं. वाक्यांचा क्रमसुद्धा तोच. वाचताना आरशात बघतोय असं झालं होतं मला.

तू मात्र शेवटून सुरुवात केलीस. ते तर मीच तुला शिकवलेलं.

बाबांच्या रद्दीच्या दुकानात गुळगुळीत कागदाचा गठ्ठा वेगळा पडायचा, आठवतं? त्या कागदाची पुडी बांधली तर उलगडते, म्हणून वाणी तो घेत नसत. त्यातले वार्षिक अहवाल आपल्या वाट्याला यायचे. तू तराजूच्या मोठ्या पारड्यात बसायचीस आणि मी वजनांच्या खोक्यावर. "पहिलं पान वाचायचं नाही, तिथे फोटो असतात. मागच्या टिपांपासून सुरू कर," असं मी म्हणायचो आणि तू बोट ठेवून एकेक आकडा सरकत जायचीस, मुंगीसारखी. बाबा म्हणायचे, "दोघं मिळून माझी रद्दी झिजवणार." त्याच दुकानात मालक जुना अहवाल शोधत आले होते. मी त्यातला आकडा त्यांना तोंडपाठ सांगितला आणि पुढच्या आठवड्यात नोकरीला लागलो. त्या दिवशी तू दुकानाच्या दारात उभी राहून विचारलं होतंस, "दादा, मला पण नेशील?"

एक दुरुस्ती करायची आहे. मागच्या पत्रात 'परवा कळलं' असं लिहिलं. ते अचूक नाही. परीक्षेच्या पुढच्या वर्षी कपाट आवरताना मूळ अहवाल हाती लागला होता. तेव्हा दुर्बीण कामात रुळला होता आणि तू गाव सोडून गेली होतीस. उगाच जखम कशाला उकरा, म्हणून गप्प बसलो.

मालक तोच पेपर हवा म्हणतात. मला आता ती ओळ उघडी ठेवून नवी झेरॉक्स काढता आली असती. मशीनपाशी गेलोही. मग तीच जुनी काळी प्रत काचेवर ठेवली. मनाशी म्हटलं, बघू. या वेळी बसणाऱ्या चौदा जणांपैकी एकाने जरी तुझ्यासारखं ओळखलं, तर सगळ्यांसमोर सांगून टाकीन. नाही ओळखलं, तर प्रश्नच मिटला.

तुझा थोरला भाऊ


१८ ऑक्टोबर, रविवार

मुंगे,

ओळखलं एकीने.

क्रमांक चार. नाव झाकलेलं, पण 'मी आधी व्याज बघते' असं लिहिलंय, म्हणजे बाई. मी पाचव्या ओळीवर थांबलो, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तिने भाड्याकडे पाहिलंच नाही. तिने कर्ज धरलं. लिहिते: "कर्जाचा दर बारा टक्के छापला आहे. वर्षभर कर्ज तेवढंच आहे. पण व्याज पंधरा टक्क्यांचं पडलं आहे. बँक चुकत नाही. म्हणजे हे वर्ष पंधरा महिन्यांचं आहे, आणि विक्री एक पैसाही वाढलेली नाही." वाक्यं आखूड, कुठेही 'असे वाटते' नाही.

तुला सांगतो, मी उठून खिडकीपाशी गेलो. आमच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, तिथे बघण्यासारखं काही नाही, तरी दहा मिनिटं उभा होतो. दुर्बीण त्याच्या खुर्चीतून म्हणाला, "काय मास्तर, सापडला वाटतं माणूस?" म्हटलं, बघू.

बाकीच्या तेरा जणांत क्रमांक दोन वरचढ. त्याचं उत्तर माझ्या नमुना उत्तराशी ओळीला ओळ जुळतं. विक्री जोमात, उधारी घातक. बारा वर्षांपूर्वी मी याच्यावर खूश होऊन घरी पेढे नेले असते.

क्रमांक चारला पन्नासपैकी पन्नास दिले. आजवर कुणाला दिले नव्हते. पेन्सिलीने दिले. पेन्सिलीने का, असं तू विचारशील. तुझ्या वहिनीनेही विचारलं. मी जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका पसरल्या होत्या, ती वाटी ठेवायला जागा शोधत होती.

"लाल पेन हरवलं का?"

"आहे की."

"मग ही एकच पेन्सिलीने?"

"अजून नक्की करायचंय."

"बाकीच्या तेरा नक्की झाल्या आणि पन्नासपैकी पन्नासवाली तेवढी राहिली?" वाटी तिने शेवटी माझ्या नमुना उत्तरावरच ठेवली. "सगळ्या जगाच्या चुका लाल शाईत काढता. स्वतःची काढायची वेळ आली की शाई संपते."

तिला सगळं माहीत आहे. तिला बारा वर्षांपूर्वीच माहीत होतं. तू गेल्यापासून तिने या घरात तुझं नाव काढलेलं नाही. विसरली म्हणून नाही, मी ते ऐकायच्या लायकीचा नाही म्हणून. हे तिनेच सांगितलंय, एकदाच, भाजी निवडताना.

मुलाखती गुरुवारी. मालक, दुर्बीण आणि मी. तिथे बोलेन. शब्द जुळवून ठेवलेत.

तुझा थोरला भाऊ


२४ ऑक्टोबर, शनिवार

मुंगे,

नाही बोललो.

जसं घडलं तसं लिहितो. पदरचं काही घालत नाही, काढतही नाही.

क्रमांक चार म्हणजे पस्तिशीची बाई. एका नट-बोल्टच्या दुकानात गल्ल्यावर बसते. कॉलेज अर्ध्यात सुटलंय. आठ वर्षं ग्रंथालयात बसून अहवाल वाचतेय. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "कुणी नाही. मागून वाचायची सवय आहे." दोन्ही हात टेबलावर ठेवून बसली होती. बोटांच्या पेरांत वंगणाच्या काळ्या रेषा होत्या, साबणाने न जाणाऱ्या.

मालकांनी तिचा कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "पंधरा महिने? बाई, तुमच्याकडे कॅलेंडर कुठल्या छापखान्याचं आहे हो?"

हसले. मीही हसलो असेन.

ती म्हणाली, "साहेब, व्याज बघा."

मालक दुर्बिणीकडे वळले. "तूही हाच पेपर दिला होतास. तुला दिसले होते का रे पंधरा महिने?"

"नाही दिसले."

"मग? तिचं बरोबर की तुझं?"

दुर्बिणीने माझ्याकडे पाहिलं. मुंगे, त्या नजरेत विचारणं नव्हतं. वाट बघणं होतं. म्हणाला, "पेपर मास्तरांचा आहे. मास्तरच सांगतील."

माझे शब्द जुळवलेले होते. पहिलं वाक्य, 'मालक, या बाईंचं बरोबर आहे आणि माझं चूक.' आठ शब्द, दहाएकदा म्हणून बघितलेले. तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं: "गणित चांगलं आहे. निष्कर्ष जरा धाडसी आहे."

"म्हणजे चूक," मालक म्हणाले.

मी मान हलवली. कोणत्या दिशेने, ते मला आज सांगता येत नाही. पण मालकांना जी हवी होती ती दिशा असावी.

बाई उठली. पिशवी खांद्याला लावली. दारापाशी वळून म्हणाली, "मूळ अहवाल एकदा उघडून बघता येईल का? एवढंच."

हेच शब्द. हेच, मुंगे. 'एवढंच'सकट.

मी म्हटलं, "त्याची गरज नाही."

ती गेल्यावर क्रमांक दोन आत आला. टाय, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. मालकांना पंधरा मिनिटांत आवडला. संध्याकाळी मी पेन्सिलीचे पन्नास खोडले. खोडरबराने कागद थोडा फाटला. त्यावर बत्तीस लिहिले, लाल शाईने.

पत्र इथेच थांबवतो.


३१ ऑक्टोबर, शनिवार

मुंगे,

काल दुर्बिणीचा शेवटचा दिवस होता. दुपारी केक, भाषणं. मालक म्हणाले, "मास्तरांनी हिरा पारखून आणला." टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. मला हार घातला नाही एवढीच काय ती कृपा.

सगळे आपापल्या जागी गेल्यावर तो ड्रॉवर रिकामा करत बसला. जुन्या पेनांची टोपणं, औषधाची पट्टी, घड्याळाचा तुटका पट्टा. तळाशी एक पिवळं पाकीट होतं. ते माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "हे तुमच्या कपाटातलं. म्हणजे झेरॉक्स. लागल्यापासून दुसऱ्या महिन्यात काढली होती."

मी उघडलं नाही. कळलंच.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला. "वर्षभर थांबलो. मग घराचा हप्ता सुरू झाला, मग मुलगी झाली, मग नावही झालं. मग म्हटलं, आता मास्तरांनी सांगितलं तर माझंच अवघड होईल. तेव्हा न सांगितलेलंच बरं."

"गुरुवारी तू सांगू शकला असतास."

"शकलो असतो. तुम्हीही शकला असता." त्याने ड्रॉवर लावला. "तुम्हाला एक विचारू? टंकलेखिका बाईंना आठवत होतं, तेव्हा एका मुलीने बरोबर लिहिलं होतं. ती कोण होती? यादीत फक्त नऊ नंबर आहे. मी शोधलं होतं, नाव मिळालं नाही."

यादीतलं तुझं नाव मीच काळं केलं होतं. पट्टी लावून.

"माझी बहीण," मी म्हटलं.

त्याने टेबलावरची धूळ रुमालाने पुसली, खुर्ची आत सरकवली आणि निघाला. लिफ्टपर्यंत पोचवायला गेलो तर म्हणाला, "नको मास्तर. राहू दे."

आता राहिलेली दुरुस्ती. 'परवा कळलं' खोटं होतं. 'पुढच्या वर्षी कळलं' तेही खोटं.

बारा वर्षांपूर्वी निकाल लागला शुक्रवारी. क्रमांकांपुढची नावं उघडली तेव्हा नवाला तुझं नाव बघून मी हबकलो. तू परीक्षेला बसल्याचं मला सांगितलंच नव्हतंस. खरं सांगायचं तर हबकलो आणि सुटल्यासारखंही वाटलं, की बरं झालं, भाऊ म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणणार नाही. उत्तरपत्रिका शेऱ्यांसकट टपालात पडल्या. मंगळवारी मूळ अहवाल जागेवर ठेवताना मुखपृष्ठ दिसलं. मंगळवारी, दुपारी सव्वातीनला. कपाटासमोर उकिडवा बसून मी सहाही ठिकाणं ताडून पाहिली. दुर्बिणीचं नेमणूकपत्र तोवर मालकांच्या सहीसाठी माझ्याच टेबलावर पडलं होतं. बुधवारी सकाळी ते मी स्वतः आत नेलं. सही करून घेतली. टीपकागदही मीच दाबला.

आणि शनिवारी तू घरी आलीस. हातात ती उत्तरपत्रिका. आत आली नाहीस, चपलाही काढल्या नाहीस. म्हणालीस, "दादा, मूळ अहवाल एकदा उघडून बघ. एवढंच."

मी म्हटलं, "बघितलाय."

मुंगे, ते खरं होतं. मी बघितला होता. आयुष्यात इतकं खरं आणि इतकं नीच मी दुसरं काही बोललो नाही.

तुला वाटलं असेल, दादाला दिसत नाही. मला दिसत होतं. माझ्या पेपरात चूक निघाली, आणि ती तराजूच्या पारड्यात बसणाऱ्या पोरीने काढली, एवढंच मला सोसवलं नाही. उद्या मालक म्हणाले असते, मास्तर, तुमच्यापेक्षा बहीण बरी. म्हटलंच असतं त्यांनी. आणि बरोबर म्हटलं असतं.

सोमवारी मालकांकडे जातो. या वेळी काही जुळवत नाही.


९ नोव्हेंबर, सोमवार

मुंगे,

तुझं पाकीट शनिवारी आलं. आत चिठ्ठी नाही, फक्त उत्तरपत्रिका. दोन पानं, घडीवर विरलेली. ती जपून ठेवली होतीस की फेकायची राहिली होती, ते मला कळायला मार्ग नाही, आणि विचारायचा हक्कही नाही.

समासातला शेरा वाचला. मी तुला लिहिलं होतं, "वर्षाचे महिने किती?" तेवढंच. अक्षर माझं, शाई माझी, पण ते तेवढंच नाही. पहिली ओळ ती आहे. खाली आणखी तीन ओळी आहेत: "अंक वाचता येणे वेगळे, समजणे वेगळे. ज्याने शिकवले असेल त्याने अर्धवट शिकवले. हे काम आपल्याकडून होणार नाही, दुसरे काही पाहावे."

अकरा कंपन्या मोजणाऱ्या माझ्या डोक्याने या तीन ओळी बारा वर्षांत साफ पुसून टाकल्या होत्या. शप्पथ सांगतो, मला आठवत नव्हत्या. शिकवणारा मीच होतो, हे लिहिताना मला ठाऊक नव्हतं. तुला वाचताना ठाऊक होतं.

मालकांकडे गेलो होतो, दोन तारखेला, सकाळी साडेनऊला. मूळ अहवाल, काळी प्रत आणि क्रमांक चारची उत्तरपत्रिका समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. तुझ्यासकट. त्यांनी नीट ऐकलं. मग हसले, मोठ्याने.

"म्हणजे मास्तर, बारा वर्षं ज्याच्या जिवावर खाल्लं, तो चुकीच्या पेपरवर आला होता?"

"हो."

"मग चुकीचाच पेपर लाभलाय की आपल्याला! नवा माणूसही त्याच पेपरवर आलाय. मी नाही हात लावत." अहवाल त्यांनी माझ्याकडे सरकवला. मग जरा थांबून, मायेनेच म्हणाले, "थकलात तुम्ही. निवडीचं काम यापुढे नवा बघेल. तुम्ही आपले जुने कागद सांभाळा."

बाहेर आलो तर क्रमांक दोन त्या खुर्चीत बसून तिची उंची जुळवत होता. मला बघून उठला. "मास्तर, आशीर्वाद असू द्या." म्हटलं, बसा.

मग दुपारी नट-बोल्टच्या दुकानात गेलो. बाई गल्ल्यावर होती, एका गिऱ्हाइकाला वॉशर मोजून देत होती. मी थांबलो. तिने ओळखलं, पण मोजणं अर्ध्यात सोडलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मी तिची उत्तरपत्रिका पुढे केली. बत्तीस खोडून पन्नास लिहिले होते, शाईने, खाली सही. म्हटलं, "तुमचं बरोबर होतं. ते वर्ष पंधरा महिन्यांचंच आहे. मला मुलाखतीच्या दिवशी माहीत होतं."

तिने कागद वाचला. पुढचं पान, मागचं पान.

"म्हणजे नोकरी मिळाली?"

"नाही. ती भरली."

"मग मी या कागदाचं काय करू, सर?"

तिने थोडा वेळ वाट बघितली, तशी वाट बघायची तिला सवय असावी. मग कागद घडी घालून मला परत दिला. "तुमच्याकडेच असू द्या. तुम्हाला लागेल." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बोला, किती सूतचा बोल्ट?"

तुझी उत्तरपत्रिका सोबत परत पाठवतो. गुण दुरुस्त करीन म्हटलं होतं. लाल पेन उघडून काल सकाळभर बसलो होतो. वहिनी दोनदा येऊन बघून गेली. शेवटी गुण दिले नाहीत. तुला गुण देणारा मी कोण?

फक्त माझ्या शेऱ्यावर रेघ मारली आहे. चारही ओळींवर, पट्टी न लावता, म्हणून जरा वाकडी आली आहे. एकेकच मारली. खालचं वाचता येतं. तसंच राहू दे, काळं करू नकोस.

दादा